खोडलेल्या आकड्याखालची टिंबं

त्या गुरुवारी दुपारी आईचा फोन आला तेव्हा थोरलीच्या बोटांना मेण लागलेलं होतं.

प्रयोगशाळेतलं तिचं काम असं: ऑपरेशनमध्ये काढलेला मांसाचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसून तिच्याकडे येई. त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, ते कोमट पाण्यावर सोडायचे आणि सुरकुती पडू न देता काचपट्टीवर उचलून घ्यायचे. अठरा वर्षांत हात इतका बसला होता की खांदा आणि कान यांच्या बेचक्यात फोन धरून ती काप उचलू शके. काचा तपासणाऱ्या मोठ्या बाई एरवी फोनवरून फाडून खात, पण आईच्या रोजच्या तीन वाजताच्या फोनाच्या वेळी मात्र त्यांना हटकून खिडकीबाहेर काहीतरी दिसे.

आईनं छापखान्यात तीस वर्षं प्रुफं तपासली होती. ती निवृत्त झाली, नजर झाली नाही. दुकानाच्या पाट्या, लग्नपत्रिका, शेजाऱ्याच्या दारावरची सूचना, काही म्हणून तिच्या तावडीतून सुटत नसे. त्या दिवशी औषधाच्या पाकिटावरचा कागद सापडला होता. 'जेवणानंतर'च्या जागी 'जेवणांतर' छापलंय, म्हणाली. "एखादा बिचारा दोन जेवणांमधलं अंतर मोजत बसायचा. औषध राहील बाजूला."

घरातही तिच्या खुणा चालत. फ्रिजवरच्या यादीत एखादी वस्तू लिहून तिनं खोडलेली असे, आणि पुन्हा मन बदललं तर नव्यानं न लिहिता त्या खोडलेल्या शब्दाखाली तीन टिंबं देई. म्हणजे खोडलेलं धरू नका, आधी होतं तेच खरं. मुलींना बाराखडीबरोबरच ही टिंबं कळायला लागली होती. धाकटीला सहलीची परवानगी एकदा अशीच मिळाली होती: 'जा', त्यावर काट, आणि खाली तीन टिंबं.

"बरं, आज किती?" थोरलीनं विचारलं.

हा आता घरातला रोजचा प्रश्न होता. चौदा महिन्यांपूर्वी आई संशोधनात सामील झाली, तेव्हा तिला एक निळी वही मिळाली होती. रोज रात्री त्यात दुखण्याचा एक आकडा लिहायचा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे याच्यापुढे दुखूच शकत नाही.

"तीन," आई म्हणाली. मग जरा थांबून, "तीनच धर."

"मग रविवारी येते."

"ये. उद्या काही जमणार नाही ना तुला?"

"उद्या बैठक आहे. का गं?"

"काही नाही. माळ्यावरची पेटी काढायची होती. ह्यांना त्या गुडघ्यानं स्टुलावर चढवायचं म्हणजे दोन पेशंट होतील घरात."

"पेटी कुठे पळून जातेय."

"तेही खरंच," असं म्हणून आईनं फोन ठेवला. थोरलीनं पाण्यावर तरंगणारा काप उचलला. कुठेही सुरकुती पडली नव्हती.

ज्या बैठकीपायी थोरली आईकडे गेली नाही, ती दर शुक्रवारी भरे. गर्भाशयाच्या आतलं अस्तर भलत्या ठिकाणी रुजलं की काय होतं, याचं ते संशोधन होतं. ते बाहेर आतड्यावर, बीजकोशावर पसरलं तर एंडोमेट्रिऑसिस, गर्भाशयाच्या स्नायूतच घुसलं तर अ‍ॅडिनोमायोसिस. आईला दोन्ही होते. "एकावर एक फुकट," ती म्हणायची. वर्षानुवर्षं अशा बायकांना पोटाचा डॉक्टर बायकांच्या डॉक्टरकडे पाठवी, तो मनाच्या डॉक्टरकडे, आणि तो घरी. म्हणून या सगळ्यांना एका टेबलाशी बसवायचं ठरलं होतं: ऑपरेशन करणाऱ्या बाई, स्कॅन वाचणारे, आतड्याचे डॉक्टर, वेदनांच्या तज्ज्ञ, व्यायाम शिकवणारी, मानसशास्त्राचे एक गृहस्थ, आणि आकडेवारी मांडणारा एक तरुण, ज्याला सगळे सरासरीबुवा म्हणत. दर शुक्रवारी एका बाईची जुनी फाइल, नाव झाकून, पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचली जाई. निदानाला किती वर्षं उशीर झाला आणि तो कुठल्या पानावर झाला, हे प्रत्येकानं एका चिठ्ठीवर लिहायचं. आईची फाइल त्रेचाळिसावी होती. तिची पाळी अजून यायची होती.

शुक्रवारी सकाळी आई बाथरूममध्ये खाली बसली ती उठू शकली नाही. इस्पितळात अपघात विभागातल्या डॉक्टरनं, किती दुखतंय, शून्य ते दहामध्ये सांगा, असं विचारलं. तिनं चार सांगितलं. चारवाल्यांची रांग वेगळी होती. दोन तास ती त्या रांगेत पडून राहिली. जुन्या आजारानं आणि जुन्या ऑपरेशनानं आतड्यांत जागोजाग चिकटलेले पट्टे तयार झाले होते. त्यातल्या एकाभोवती पीळ बसून आतडं काळं पडलं होतं आणि फुटलं होतं. पोट उघडलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. शनिवारी दुपारी ती गेली. पेटी माळ्यावरच राहिली.

*

तिसऱ्या रविवारी दुपारी सगळे जेवणाच्या टेबलाशी बसले होते. संशोधनाच्या सिस्टर यायच्या होत्या. आईची निळी वही, जुनी फाइल आणि तेरा वर्षांपूर्वी काढून जपून ठेवलेलं तिचं गर्भाशय संशोधनात राहू द्यायचं का, यावर घरच्यांच्या सह्या हव्या होत्या: बाबांची आणि दोघी मुलींची. एकानं जरी नाही म्हटलं तरी त्रेचाळीस नंबर वगळला जाणार होता.

आपण काय देतोय ते घरच्यांनी आधी वाचावं, म्हणून फाइलची प्रत बुधवारीच टपालानं आली होती. त्या दिवशी बाबांकडे आलेल्या थोरलीनं पाकीट घेतलं. दारातच उघडलं, चपला पायात असतानाच. पान आठवर तिची नजर थांबली. तिनं ते पान काढून चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये ठेवलं. मग बाकीची फाइल टेबलावर ठेवली आणि बाबांना चहा हवा का म्हणून विचारलं.

त्या पानावरच्या खोलीत ती चोवीस वर्षांपूर्वी बसली होती. वय सोळा. त्या दिवशी तिची वक्तृत्वाची अंतिम फेरी होती आणि आईच्या पोटापायी ती बुडाली होती. बाबा कामावर, म्हणून सोबत तिला जावं लागलं. डॉक्टर गोरेगोमटे, हळू बोलणारे. आई पडद्यामागे तपासणीच्या टेबलावरून उतरून कपडे सारखे करत होती. डॉक्टरांनी थोरलीला जवळ बोलावलं आणि मोठ्या माणसाला विचारावं तसं विचारलं: तू हुशार दिसतेस. तूच सांग, आईला खरंच एवढं दुखतं?

आजवर तिला कुणी असं विचारलं नव्हतं. ती म्हणाली, आई थोडं वाढवूनच सांगते. माझं काही असलं की जास्तच दुखतं तिचं.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. पुढच्या डॉक्टरनं ते वाचलं आणि आपल्या शब्दांत पुन्हा लिहिलं, त्याच्या पुढच्यानं त्याचं वाचून. एका प्रुफातली चूक पुढच्या प्रुफात तशीच उतरावी, तशी ती अकरा वर्षं उतरत गेली. अकराव्या वर्षी एका सर्जनबाईंनी आईच्या शरीराबाहेर काढलेला तुकडा मेणात बसून थोरलीच्याच प्रयोगशाळेत आला. घरच्या माणसाचा ठोकळा आपण कापायचा नाही, असा नियम होता. पण काच तयार झाल्यावर मोठ्या बाईंनी तिला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. गुलाबी स्नायूत जांभळी बेटं, जिथं नसायला हवीत तिथं, खोलवर. दोन मिनिटं ती डोळा न हलवता बघत राहिली. घरी जाऊन आईला काहीतरी सांगायचं तिनं ठरवलं होतं. गेली आणि म्हणाली, "रिपोर्ट आला." आई म्हणाली, "कळलं गं बाई, छापून आल्याशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही." दोघी हसल्या. विषय तिथंच मिटला.

आपण तेव्हा लहान होतो, आपल्याला काय कळत होतं, असं थोरली स्वतःला सांगत आली होती. चोवीस वर्षं सांगून ते बऱ्यापैकी गुळगुळीत झालं होतं.

*

सिस्टर यायच्या आधीच मावशीनं तोफ डागली. मावशी आईची धाकटी बहीण. तिचं केस कापायचं दुकान होतं आणि समोर बसलेल्या माणसाची मान आपल्याला हवी तशी वळवायची तिला सवय होती.

"मी सांगते, सही करू नका. जन्मभर चिरलं तिला. आता मेल्यावरही काचेवर ठेवून बघणार? आणि बघून काय, ती परत येणारेय?"

"ती नाही, पण तिच्यासारख्या दुसऱ्या आहेत ना," धाकटी म्हणाली. धाकटी गाडी चालवायला शिकवायची. बोलताना तिचा उजवा पाय अजूनही ब्रेक शोधायचा. "मावशी, आईनं स्वतः नाव घातलं होतं त्यात. तिनं कधी काही स्वतःहून मागितलं का? हे मागितलं."

"तिला काय, थोरली तिथं नोकरीला म्हणून घातलं नाव. लेकीचं मन मोडायचं नाही म्हणून."

थोरली उठून कप आणायला गेली.

बाबा खिडकीपाशी बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. माणसं वर नेणारी-आणणारी यंत्रं त्यांना कळत, वर-खाली होणारी माणसं फारशी नाहीत. आई गेल्यापासून त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. विचारलं तर हो, नाही, बघू, एवढंच.

सिस्टर आल्या. पन्नाशीच्या, थकलेल्या, जिना चढून दम लागलेल्या. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी आधी आईबद्दल दोन शब्द काढले. म्हणाल्या, आमच्या कागदांमधल्या चुका त्याच काढायच्या. संमतीपत्रात त्यांनी सतरा दुरुस्त्या करून दिल्या होत्या, त्यातल्या सोळा आम्ही केल्या. सतरावी कुठली राहिली, असं मावशीनं विचारलं. "'आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत' हे काढा म्हणाल्या होत्या. दुखणं म्हणजे सहकार्य नव्हे, असं काहीतरी." मावशीच्या ओठांवर हसू आलं आणि तिथंच विरलं.

मग त्यांनी निळी वही उघडली. वही पूर्ण आहे का ते बघून नोंद करणं हे त्यांचं काम होतं. चौदा महिने त्यांचं बोट खाली सरकत गेलं: दोन, तीन, तीन, दोन, चार, तीन. सरासरीबुवांनी यावरूनच आईला सौम्य दुखण्याच्या गटात टाकलं होतं, हे थोरलीला माहीत होतं. शेवटच्या पानावर बोट थांबलं.

"इथं जरा गडबड दिसतेय," सिस्टर म्हणाल्या. "गुरुवारी आधी आठ लिहून खोडलंय, पुढे तीन आहे. खाली काही शाई सांडलीय का कोण जाणे. खोडलंय म्हणजे मी तीनच धरते."

धाकटीनं वही ओढून घेतली. बघितली आणि मावशीपुढे सरकवली. मावशीनं बघितली आणि थोरलीपुढे. आठाच्या आकड्यावर एक आडवी काट होती, आईची, पट्टीनं मारल्यासारखी. पुढे तीन. आणि त्या खोडलेल्या आठाखाली, एका ओळीत, सारख्या अंतरावर तीन टिंबं.

"ती शाई नाही," धाकटी म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता. "आठच आहे ते. खोडलेलंच खरं, असं सांगतेय ती."

तिनं सिस्टरना खूण समजावून सांगितली. फ्रिजवरच्या यादीचं सांगितलं, सहलीचंही. सिस्टर ऐकत होत्या, पण त्यांचा चेहरा कागदपत्रं सांभाळणाऱ्या माणसाचा झाला होता. हळूच म्हणाल्या, एका दिवसाचा आकडा मी बदलून घेईन. पण मग मला विचारतील, बाकीच्या चारशे दिवसांचं काय? त्या रोज कमी लिहीत होत्या का? किती कमी? आणि मुख्य म्हणजे का? कारण सांगता आलं तर सगळ्या वहीकडे वेगळ्या नजरेनं बघता येईल. कदाचित बाकीच्या बायकांच्या वह्यांकडेही. नाहीतर हे तीन ते तीनच राहणार.

"का, ते मी सांगते," धाकटी म्हणाली. "या घरानं शिकवलं तिला. आईचं पोट दुखतंय म्हटलं की बाबा लिफ्टचा आवाज ऐकल्यासारखे गप्प बसायचे. आजी असताना आजीचं वेगळंच, आमच्या वेळी असली थेरं नव्हती. मावशी, तूसुद्धा. बाळंतपणानंतर आपोआप जातं म्हणायचीस."

"म्हणायचे," मावशी म्हणाली. "मला तसंच सांगितलेलं. मी काय डॉक्टर होते?"

"मग फाइलमध्ये असेलच ना काहीतरी. कुणी काय सांगितलं ते लिहितात ते." धाकटीनं फाइल पुढ्यात ओढली आणि पानं उलटायला लागली. मुद्रितशोधकाची मुलगी, पानांचे आकडे बघितल्याशिवाय तिला वाचता येत नसे. "सहा. सात. नऊ." ती थांबली. "आठ कुठेय?"

सिस्टरनी आपल्या पावतीवर बघितलं. तेवीस पानं पाठवली होती. धाकटीनं पुन्हा मोजली. बावीस.

 थोरलीची पर्स तिच्या मांडीवर होती आणि तिचे दोन्ही हात पर्सवर. तोंड उघडावं आणि बोलावं, एवढंच करायचं होतं.  सिस्टर निघून जातील, पान टपालात गहाळ झालं असं ठरेल, तीनचे तीन राहतील. आई सौम्य गटात राहील आणि कुणाला काही कळणार नाही. हा विचार तिच्या मनात आला. तो तिला बराही वाटला, हे तिला पुढे कधीच विसरता आलं नाही.

"बाबा," धाकटी म्हणाली, "पाकीट तुमच्यासमोर चार दिवस होतं."

बाबांनी मान वर केली नाही.

"काय होतं त्या पानावर? ऑपरेशन नको म्हणालात तुम्ही? की बायकोचं सोंग आहे म्हणालात? निदान आता तरी बोला. ती गेली बाबा, ती चार म्हणाली आणि त्या रांगेत पडून राहिली, आणि आपल्यातल्या कुणालाही कळलं नाही की चार म्हणजे नऊ."

"भाऊजी, पोरगी विचारतेय," मावशी म्हणाली. घटकाभरापूर्वी या दोघी एकमेकींच्या विरुद्ध बाजूला होत्या. आता त्यांच्या खुर्च्यासुद्धा एकाच दिशेला वळल्या होत्या.

बाबांनी खिडकीबाहेर बघितलं, मग थोरलीकडे. क्षणभरच. लिफ्टच्या खोल विहिरीत कुणी अडकलंय का, ते बघताना ते असे वाकून बघत.

"मी काढलं ते पान," ते म्हणाले. "जाळून टाकलं. आता तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा."

धाकटी रडायला लागली. मावशी उठली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. सिस्टरनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, आज राहू दे, मी पुन्हा कधीतरी येईन. थोरली बाबांकडे बघत होती. पान त्यांनी काढलं नव्हतं, ते तर तिच्या पर्समध्ये होतं. म्हणजे ते का काढलं गेलं असेल, हे त्यांना ठाऊक होतं. कुणी काढलं तेही. आणि कधीपासून ठाऊक होतं, हे समजायला तिला थोडा वेळ लागला, कारण समजून घ्यायची तिची तयारी नव्हती.

तिनं पर्सची चेन उघडली.  चार घड्यांचा कागद तिनं टेबलावर सरळ केला. घड्या जात नव्हत्या, म्हणून तळव्यानं दाबून धरला.

"बाबांनी नाही, मी काढलं," ती म्हणाली. "वाचते."

"राहू दे गं," बाबा म्हणाले.

तिनं वाचलं. आई प्रुफं वाचायची तसं, सपाट आवाजात, विरामचिन्हांसकट. "'सोबत मुलगी, वय सोळा, स्वल्पविराम, हुशार. पूर्णविराम. तिच्या सांगण्यानुसार रुग्ण दुखणं वाढवून सांगते, स्वल्पविराम, विशेषतः मुलीचा काही कार्यक्रम असल्यास. पूर्णविराम. स्वभाव चिंतातुर. पूर्णविराम. पुढील तपासण्यांची गरज नाही. पूर्णविराम.'"

धाकटीचं रडणं थांबलं होतं. मावशीचा हात तिच्या पाठीवर तसाच राहिला. "ताई," धाकटी म्हणाली. रागाचं सगळं तोंड बाबांकडे वळवून ठेवलेलं होतं. ते एवढ्या लवकर फिरवता येत नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं?" थोरलीनं बाबांना विचारलं.

"तिनंच सांगितलं. त्याच दिवशी संध्याकाळी, भांडी विसळताना." बाबा अडखळत बोलत होते, इतकी वाक्यं सलग बोलायची त्यांना सवय नव्हती. "मध्ये पडदा होता, भिंत नव्हती. सगळं ऐकू आलं होतं तिला. मला म्हणाली, थोरलीला वाटतं मी वाढवून सांगते. आता कमी करून सांगून बघते, मग तरी खरं वाटेल. मी म्हटलं, असं कुठं असतं का? तर म्हणाली, तुम्ही यात पडू नका आणि पोरीला यातलं काही कळू देऊ नका. तिची फेरी बुडाली माझ्यामुळे." ते थांबले. "चिडली नव्हती गं ती तुझ्यावर. चूक दाखवली की दुरुस्त करायची, एवढंच तिला माहीत."

"आणि तुम्ही चोवीस वर्षं ऐकलंत तिचं."

"तीन म्हणाली की मी आपला मनात पाच मिळवायचो," बाबा म्हणाले. "त्या शुक्रवारी मिळवायला मी तिथं नव्हतो. मला बाहेर बसवलं होतं."

मावशी खाली बसली. तिनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाली, माझ्या दुकानात येणाऱ्या किती जणी असतील अशा. मग तिनं सहीचा कागद स्वतःच बाबांपुढे सरकवला. सह्या नको म्हणणारी तीच होती, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

बाबांनी सही केली. धाकटीनं केली. थोरलीच्या सहीची जागा उरली.

सिस्टरनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं होतं. त्यांनी वही जवळ घेतली आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "आकडा आठ केलाय मी. शेजारी कारणाचा रकाना आहे. तो मोकळा सोडला तरी चालतो. किंवा नुसतं 'कौटुंबिक' असं लिहू. शुक्रवारी तुमच्याच लोकांसमोर वाचलं जाईल हे. नाव झाकतील, पण तुम्ही तिथं असाल."

धाकटीनं ओल्या डोळ्यांनी थोरलीकडे बघितलं आणि म्हणाली, "लहान होतीस तू, ताई. तुला काय कळत होतं."

धाकटीनं हे मनापासून म्हटलं होतं. चोवीस वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं ते वाक्य तिनं आपण होऊन थोरलीच्या हातात ठेवलं होतं. ते घ्यायचं आणि सही करायची. सगळ्यांनाच ते हवं होतं, बाबांनाही.

थोरलीनं वही आपल्याकडे वळवली. काट मारलेला आठ. त्याखालची तीन टिंबं, न थरथरता काढलेली. त्या गुरुवारी रात्री, आतडं आवळत असताना, आईनं आधी खरं लिहिलं होतं. मग सवयीनं ते खोडलं होतं. आणि मग पुन्हा पेन उचललं होतं. ती टिंबं संशोधनातल्या कुणाला कळणार नाहीत हे तिला माहीत होतं. ती घरच्यांसाठी होती.

"लिहा, सिस्टर," थोरली म्हणाली. "कळत होतं, असं लिहा."

सिस्टरनी मान वर केली.

"दवाखान्यात गेलो त्या दिवशी सकाळी मी दात घासायला गेले होते. बाथरूमचं दार नुसतं लोटलेलं होतं. आई फरशीवर बसली होती, गुडघे पोटाशी, आणि तोंडात टॉवेल कोंबला होता, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. मी बघितलं. तिनंही मला बघितलं. मी दार ओढून घेतलं." तिचा आवाज आता सपाट राहिला नव्हता, पण ती थांबली नाही. वहीवरची नजर तिनं काढली आणि टेबलाच्या त्या बाजूला बघितलं, जिथं खुर्ची होती आणि खुर्चीत कुणी नव्हतं.

"तुझं दुखत होतं, आई. मला तेव्हाच माहीत होतं. मी खोटं बोलले."